खडू टेकवण्याएवढा देश

लिश्टनस्टाइन बघायला म्हणून आम्ही गेलो आणि लिश्टनस्टाइन काही दिसलं नाही. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार होता, आणि धुकं असं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसायचे. डोंगर आहेत म्हणे चहूबाजूंनी. असतील. नवरा गाडी चालवता चालवता सांगत होता, आत्ता डावीकडे बर्फाची शिखरं आहेत, आत्ता उजवीकडे ऱ्हाईन नदी आहे. मी म्हटलं, तू आधी समोर बघ, नाहीतर आपणच दिसेनासे होऊ. मागच्या सीटवर सासू-सासरे बसले होते. सासऱ्यांनी माकडटोपी घातली होती आणि सासूबाईंनी त्यांचा हात धरला होता. ते दोघं आमच्याकडे आल्यापासून त्या सतत त्यांचा हात धरून असायच्या. मला वाटायचं, थंडी वाजते म्हणून.

तिथे जायची टूम माझीच. सासरे सांगलीच्या एका शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवायचे. पुस्तक न बघता, हात न उचलता फळ्यावर अख्खा युरोप काढायचे. माझा नवरा त्यांच्याच वर्गात होता, त्यानं मला लग्नाआधीच हे सांगितलं होतं. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया काढून झाले की ते थांबायचे, पोरांकडे वळायचे आणि म्हणायचे, "आता या दोघांच्या मध्ये एक देश राहिला. तो काढायचा नाही. खडू नुसता टेकवायचा." आणि टक्कन खडू टेकवायचे. राजधानी वाडूझ. समुद्र बघायचा तर दोन देश ओलांडावे लागतात, असा देश. हे सगळं त्यांनी जन्मभर सांगितलं, पण बघितलं नव्हतं. आम्ही राहतो त्या जर्मनीतल्या गेर्लिंगेनहून तिथे जायला गाडीनं साडेतीन तास लागतात. मी म्हटलं, परत जाण्याआधी बाबांना त्यांचा ठिपका दाखवून आणू.

पण ते आमच्याकडे का आले होते ते आधी सांगायला हवं. त्या वर्षी मे महिन्यात सांगलीच्या शेजाऱ्यांचा फोन आला. सासरे सकाळी सात वाजता इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून शाळेत गेले होते. निवृत्त होऊन अठरा वर्षं झालेली. वॉचमननं अडवलं तर त्याच्यावर ओरडले. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "छे गं! सहज फिरायला गेले होते. लोकांना काय, उंदीर दिसला की हत्ती सांगतात." नवऱ्याला ते पटलं नाही. तो एकुलता एक. आम्ही इकडे, ते दोघं तिकडे दोन खोल्यांच्या बैठ्या घरात. त्यानं पुण्यात एक जागा बघून ठेवली, म्हाताऱ्या माणसांसाठीची. खोली, जेवण, नर्स, सगळं तिथेच. सासूबाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या फोनवर एकच वाक्य बोलल्या, "मला माझ्या घरातून उचलायचं ते चौघांनी." त्यापुढे बोलणार काय?

मग नवऱ्यानं मधला मार्ग काढला. तीन महिने इकडे या, हवापालट होईल, नातीलाही भेटाल. नात, म्हणजे आमची मुलगी, ड्रेस्डेनला शिकते, ती दोनदा येऊन भेटून गेली, ते झालं. पण खरा हेतू हवापालट नव्हता. तो मला म्हणाला, "तू अर्धा दिवस घरी असतेस. तू नीट लक्ष ठेव. बाबा आणि आई सांगलीत एकटे राहू शकतील का, तेवढं मला सांग." म्हणजे परीक्षक मी. सासूबाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या मास्तरांच्या बायको; परीक्षा चालू आहे हे त्यांना विमानातच कळलं असणार.

आणि मी लक्ष ठेवलं. डोळ्यांत तेल घालून ठेवलं. बाबा वेळेवर उठायचे, स्वतः दाढी करायचे, पोहे मागून घ्यायचे. नळ उघडा टाकला नाही, गॅस चालू ठेवला नाही. आणि सदानकदा प्रश्न विचारायचे. ते त्यांचं जुनंच. मी नवी सून म्हणून आले तेव्हा पहिल्या दिवशी चहाचा कप हातात देतानाच मला विचारलं होतं, "सांग पाहू, कोयनेचा उगम कुठे?" मला उत्तर आलं नाही, आणि अख्खं घर हसलं. तसंच इथे. बसमध्ये बसलो की, "सांग पाहू, आत्ता आपण कुठे चाललोय?" खिडकीशी उभे राहून, "सांग पाहू, हे कुठलं गाव?" जेवताना, "सांग पाहू, आज वार कुठला?" मी आपली पटापट उत्तरं द्यायचे. "गेर्लिंगेन, बाबा." "मंगळवार, बाबा." ते बोट वर करून म्हणायचे, "शाब्बास!" मलाही गंमत वाटायची. पन्नाशीला टेकलेल्या बाईला शाब्बास कोण म्हणतं हो? दवाखान्यातल्या रिसेप्शनवर अर्धा दिवस मी लोकांना टेरमीन देत बसते, म्हणजे तारीख आणि वेळ ठरवून देते. तिथे कुणी साधं थँक यू म्हणत नाही.

राग यायचा तो सासूबाईंचा. बाबांना त्या बोलूच द्यायच्या नाहीत. कुणी त्यांना काही विचारलं की उत्तर या देणार. ड्रेस्डेनच्या नातीनं फोनवर विचारलं, "आजोबा, काल काय बघितलंत?" की या शेजारून, "अहो, नाही का ते घड्याळ, त्यातून बाहुल्या येतात ते, म्युनिकचं." मग बाबा म्हणणार, "हां, म्युनिक. घड्याळ." एकदा मी चांगलीच तडकले. म्हटलं, "आई, त्यांना बोलू द्या की! माणसाला तोंड दिलंय देवानं. तुम्ही कायम मध्ये." त्या भेंडी चिरत होत्या, चिरत राहिल्या. मला वाटलं, बरं झालं, कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

दुसरी माझी चिडायची गोष्ट म्हणजे त्यांचं नाव न घेणं. लग्नाला बावन्न वर्षं झाली तरी नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. "हे" आणि "अहो", संपलं. बाबांना खोकला झाला तेव्हा इथल्या डॉक्टरकडे नेलं. रिसेप्शनवरच्या मुलीनं खुणेनं विचारलं, पेशंटचं नाव? सासूबाईंना प्रश्न कळला, पण त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "आई, हे जर्मनी आहे, इथे उखाणा नाही घालायचा, नुसतं नाव सांगायचं." तर लाजून म्हणाल्या, "तूच सांग बाई." लिहायला हरकत नसते, फॉर्मवर स्वतःच्या नावापुढे त्यांचं नाव त्या झोकात लिहितात. उच्चारायचं नाही. मी माझ्या नवऱ्याला सगळ्यांसमोर नावानं हाक मारते, अरे-तुरे करते. त्याचं त्यांना पहिली काही वर्षं जड गेलं, मग सवय झाली.

तर सांगायचं म्हणजे, परतीच्या तिकिटाला दहा दिवस राहिले असताना मी निकाल देऊन टाकला. नवऱ्याला म्हटलं, बाबा ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतात. आईंनाच जरा गप्प बसवायला हवं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि त्या आनंदात आम्ही लिश्टनस्टाइनला निघालो.

वाडूझमध्ये एक लांबट रस्ता आहे, त्यावर गाड्या नाहीत. तोच त्यांचा मेन रोड. वर कड्यावर किल्ला आहे, त्यात अजून राजघराणं राहतं. आम्ही मान वर करून उभे राहिलो, वर नुसतं पांढरं. नवरा म्हणाला, "बाबा, इथे वर किल्ला आहे बरं का." बाबा म्हणाले, "असं?" दुकानं बहुतेक बंद होती. एक जपानी जोडपं आमच्यासारखंच मान वर करून उभं होतं. मी म्हटलं, "बाबा, बघा, तुमचा ठिपका! खडू टेकवायचात ना, तो!" त्यांनी खाली रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "सांग पाहू," म्हणाले, "हा कुठला देश?"

"लिश्टनस्टाइन, राजधानी वाडूझ, समुद्र बघायचा तर दोन देश ओलांडायचे," मी घडाघडा म्हणून दाखवलं.

"शाब्बास," बाबा म्हणाले. मला वाईट वाटलं नाही, उलट मी खूश झाले. हे आठवलं की आजही मला स्वतःचा संताप येतो.

तिथल्या माहिती केंद्रात पासपोर्टवर हौसेनं शिक्का मारून देतात. तो घेतला. काउंटरवर एक मोठी वही होती, आलेल्या पाहुण्यांनी त्यात नाव आणि गाव लिहायचं. नवऱ्यानं पेन बाबांच्या हातात दिलं. "बाबा, तुम्ही लिहा. भूगोलाचे सर आलेत म्हणून कळू दे त्यांना." बाबांनी पेन धरलं आणि वहीकडे बघत राहिले. जरा जास्तच वेळ गेला. सासूबाईंनी पेन काढून घेतलं. "चष्मा नाही त्यांचा," म्हणाल्या, आणि दोघांची नावं त्यांनीच लिहिली, खाली सांगली. चष्मा बाबांच्या कोटाच्या खिशात होता, दांडी बाहेर आलेली. मी बघितला. बघितला आणि मनात म्हटलं, झालं, हिची घुसखोरी पुन्हा सुरू.

दुपारी नदीकडे गेलो. तिथे ऱ्हाईनवर एक जुना लाकडी पूल आहे, वर छप्पर, दोन्ही बाजूंनी फळ्या. लांबलचक पडवीसारखा. अर्ध्यावर एक देश संपतो आणि स्वित्झर्लंड सुरू होतं. पुलाशी पोचलो आणि नवऱ्याला ऑफिसचा फोन आला. शनिवारी! तो बोलत बोलत गाडीकडे परत गेला. गाडी जरा लांब लावली होती, धुक्यात तो लगेच दिसेनासा झाला. मी बांधावरच्या बाकावर दशम्या आणि लसणाच्या चटणीचा डबा ठेवला. सासूबाई आणि बाबा हात धरून उभे. मी मोबाइल काढला.

"आई, इकडे या जरा. तुमचा एकटीचा फोटो काढते."

"माझा कशाला? यांचा काढ."

"बाबांचे पन्नास काढलेत. प्रत्येक फोटोत तुम्ही आपल्या त्यांना धरून उभ्या. सोडा तो हात दोन मिनिटं. पळून जाणार आहेत का ते?"

त्यांनी हात सोडला. मी त्यांना कठड्याशी उभं केलं, पदर सारखा करायला लावला, स्वेटरचं बटण लावायला लावलं, हसा म्हटलं. एक फोटो हलला म्हणून दुसरा काढला. तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्यात त्या माझ्याकडे बघत नाहीयेत, माझ्या मागे बघतायत.

मी वळले तर बाकापाशी कुणी नव्हतं.

"अगं बाई, हे कुठे गेले?" असं म्हणेपर्यंत त्या पुलाकडे निघाल्यासुद्धा. गुडघे दुखतात म्हणून आमच्या घराच्या तीन पायऱ्या चढायला ज्या कठडा धरतात त्या धावत होत्या. मी त्यांच्या मागे. पुलात अंधार होता, ओलं लाकूड, पायाखाली फळ्या खडखडत होत्या. पार पलीकडच्या टोकाला उजेडाचा एक चौकोन आणि त्यात माकडटोपी. बाबा स्वित्झर्लंडच्या बाजूला पोचत आले होते. त्या बाजूला आउटोबान, म्हणजे मोठा हायवे आहे, सुसाट गाड्यांचा आवाज सतत येत होता. नुसता आवाज, दिसत काहीच नव्हतं.

"बाबा!" मी ओरडले. "बाबा, थांबा!"

एक सायकलवाला वळून बघायला लागला. बाबा वळले नाहीत. घंटा झाल्यावर वर्गावर निघाल्यासारखे ते ताठ, झपझप चालत होते.

"अहो!" सासूबाई ओरडल्या. "अहो! ऐकलंत का! अहो!"

काही नाही. मी त्यांना मागे टाकून पळायला लागले आणि ओल्या फळीवर पाय सटकला, गुडघ्यावर आपटले. उठायला जाते तोवर सासूबाई माझ्याशेजारी येऊन थांबल्या, कठडा धरून. दम लागला होता. आणि त्यांनी नाव घेतलं. कागदावरचं नाही. माझ्या आजेसासूबाई स्वयंपाकघरातून ज्या नावानं बाबांना हाक मारायच्या ते, लहानपणचं, तोडकं. त्या घरात नवी नवरी म्हणून गेल्यापासून सासूबाईंनी ते शेकडो वेळा ऐकलेलं असणार. एकदा मारली ती हाक, मग पुन्हा एकदा, जोरात, रागावून.

बाबा थांबले. वळले.

"आलो गं आई," म्हणाले.

आणि आले. लगबगीनं, अर्धवट पळत, उशीर झालेल्या मुलाचा चेहरा करून. माझ्या शेजारून गेले, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सासूबाईंच्या समोर जाऊन उभे राहिले. "पूल बघत होतो," म्हणाले.

मला वाटलं, आता या रडतील. मी असते तर हंबरडा फोडला असता. त्यांनी बाबांची टोपी सारखी केली, कान आत घातले, बोटानं त्यांच्या नाकावरचं पाणी पुसलं. "ये," म्हणाल्या. "चल. भूक लागली असेल." बावन्न वर्षांत त्यांनी या माणसाला अरे केलं नव्हतं.

मी तिथेच गुडघा धरून बसून होते. सगळं कळायला फार वेळ लागला नाही. तीन महिने तो माणूस मला खरोखरच विचारत होता. हे कुठलं गाव, आज वार कुठला, आपण कुठे चाललोय. सांगा मला कुणीतरी. आणि मी शाब्बासकी घेत होते. त्या प्रश्नामागे बाबांना किती भीती वाटत असेल याचा मी एकदाही विचार केला नाही. आणि बाई मात्र डोळ्यांसमोर दिवसरात्र त्यांना कॉपी पुरवत होती, माझ्याकडून वर बोलणी खात होती. मला माझीच लाज वाटली. इतकी की उठावंसं वाटेना.

बांधावरून गाडीकडे जाताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "याला सांगू नकोस." याला म्हणजे माझ्या नवऱ्याला.

"आई, अहो पण..."

"दहा दिवस राहिले गं. झाकली मूठ आहे ती झाकलेलीच राहू दे. एकदा माझ्या घरी पोचले की मी बघते. तिथे भांडी कुठे, कडी कुठे, त्यांच्या हाताला माहीत आहे."

मी हो म्हटलं. का म्हटलं? बाईनं जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, म्हणून. आणि मी त्यांना नको ते बोलले होते, म्हणूनही.

दशम्या गाडीतच खाल्ल्या. माझ्या पँटला चिखल बघून नवरा म्हणाला, "काय गं, पडलीस की काय?" मी म्हटलं, पाय घसरला. धुक्यात परतीला लागलो. नवरा मात्र खुशीत होता. "बाबा काय चालले आज! मी उगाच मनात काहीबाही आणत होतो. पुण्याच्या त्या लोकांनी खोली धरून ठेवलीय, त्यांना सोमवारी नाही म्हणून कळवून टाकतो. आई, ऐकलंस का? तू जिंकलीस."



"सांग पाहू," मागून बाबा म्हणाले, "आत्ता आपण कुठे आहोत?"

"ऑस्ट्रिया, बाबा!" नवरा हसत म्हणाला. "थोड्या वेळानं जर्मनी."

"शाब्बास."

मी खिडकीबाहेर बघत बसले. बघण्यासारखं काही नव्हतंच. 

"गाडी जरा हळू घे," सासूबाई म्हणाल्या. "आणि सोमवारी त्यांना नाही म्हणून कळवू नकोस."

"म्हणजे?"

"अरे, ते परीक्षा घेत नाहीत. त्यांना माहीत नसतं. मी सांगते तेव्हा कळतं, मग परत जातं. दोन वर्षं झाली." त्यांचा आवाज अगदी सरळ होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "आज पुलावर हरवले होते. मी त्यांना अहो म्हटलं, वळले नाहीत. मला ते आई म्हणाले. सांगलीत रस्त्यात गेले आणि माझा गुडघा अडला, तर माझ्या एकटीच्यानं नाही व्हायचं."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणून मान हलवली. त्यानं परत समोर बघितलं, वायपर सुरू केले. पाऊस नव्हता तरी सुरू केले. त्याचे डोळे भरले होते आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर होते, पुसता येत नव्हते. मीच माझ्या स्कार्फनं पुसले.

सांगलीचं ते घर पुढे वर्षभर कुलपात राहिलं आणि मग विकलं. त्यात ते दोघं परत राहिले नाहीत. आजही ते दोघं पुण्याच्या त्या खोलीत असतात. सासूबाई फोनवर बऱ्याच बोलतात. बाबा हल्ली प्रश्न विचारत नाहीत.

पण त्या दिवशी गाडीत त्यांनी आणखी एकदा विचारलं. बाहेर काळोख पडायला लागला होता, आउटोबानवर ऊल्मची पाटी येऊन गेली होती. "सांग पाहू," बाबा म्हणाले, "आपण कुठे चाललोय?"

  आम्हाला दोघांनाही उत्तर येत होतं, पण देववेना.

"सांगलीला चाललोय," सासूबाई म्हणाल्या. "घरी."

"बरोबर," बाबा म्हणाले.